पैसे संपले, धुकं सोडा

न्यूयॉर्कचा रस्ता दाखवायचाय. रात्रीची वेळ आहे. क्लबमधला पियानोवाला आणि तिथेच गाणारी त्याची प्रेयसी बोलत बोलत घरी निघालीयेत. न्यूयॉर्कला जाऊन शूटिंग करायला पैसे नाहीत, आणि तो रस्ता स्टुडिओत उभारायलाही नाहीत. १९४५ सालच्या 'डीटूर' या सिनेमात दिग्दर्शक एडगर उल्मरनं काय केलं, तर पडदाभर धुकं सोडलं. धुक्यात एक दिव्याचा खांब, रस्त्यांच्या नावाच्या पाट्या आणि चालणारी दोन माणसं. झालं न्यूयॉर्क.

हा प्रसंग मी माझ्या काकांना दाखवला. काकांनी उमेदीची वीस-बावीस वर्षं हौशी एकांकिकांची प्रकाशयोजना केली आहे. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "हे पैसे संपल्यावरचं धुकं आहे रे. आम्ही पण सोडायचो."

पुढे काय झालं ते नंतर सांगतो. आधी मूळ कोडं. यूट्यूबवर असे जुने, सव्वा तासाच्या आतले, कृष्णधवल अमेरिकन गुन्हेपट फुकट पडलेले असतात. प्रिंट ओरखडलेली, आवाज खरखरीत. त्यांच्याबद्दल वाचायला जावं तर जो तो 'श्रेष्ठ कलाकृती' म्हणतोय. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करायलाच हवेत अशा सिनेमांच्या सरकारी यादीत, 'डीटूर' १९९२ साली गेला. आणि आपण बघायला बसतो तेव्हा दिसतं काय? गाडीच्या खिडकीबाहेरचा रस्ता उघड उघड खोटा, नट तावातावानं बोलतायत, भिंती पुठ्ठ्याच्या वाटतायत. मग नक्की भारी काय आहे यात?

'बी' म्हणजे बी ग्रेड नव्हे

आपल्याकडे 'बी ग्रेड' म्हटलं की डोळ्यांपुढे दुपारच्या खेळाची भडक पोस्टरं येतात. इथला 'बी' तो नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत मंदी होती. थिएटरं ओस पडायला लागली तेव्हा मालकांनी एका तिकिटात दोन सिनेमे द्यायला सुरुवात केली. त्यातला मुख्य, मोठ्या नटांचा तो 'ए'. जोडीला दिलेला छोटा तो 'बी'. खानावळीच्या ताटात भाजी-आमटीसाठी माणूस येतो. कोशिंबीर असते, नसली तर कुरकुर होते, पण केवळ कोशिंबिरीसाठी कोणी जिना चढत नाही. 'बी' फिल्म म्हणजे ती कोशिंबीर.

खरी गंमत पैशाच्या हिशोबात आहे. 'ए' सिनेमाला तिकीटविक्रीतली टक्केवारी मिळायची. गर्दी जास्त तर कमाई जास्त. 'बी'ला मिळायचं ठोक भाडं. नाटकाचा कॉन्ट्रॅक्ट शो घेतला की समोर शंभर माणसं असोत की हजार, नाटकवाल्यांचं पाकीट तेवढंच राहतं, तसं. म्हणजे सिनेमा बनवायच्या आधीच तो साधारण किती कमावणार हे ठाऊक. त्याच्या आत खर्च बसवला तर नफा, नाहीतर बुडाला. सिनेमा फार चांगला झाला म्हणून दोन पैसे जास्त येणार नाहीत, आणि बरा झाला म्हणून कमीही होणार नाहीत.

याचा पहिला परिणाम उघड आहे: कंजुषी. दुसरा तितका पटकन ध्यानात येत नाही, आणि माझ्या मते या सिनेमांची सगळी जादू त्या दुसऱ्यात आहे. वेळेत आणि पैशात काम संपवलं की आत काय आहे याकडे वरचे लोक फारसे ढुंकून बघत नसत. दहा लाख डॉलर लागलेल्या सिनेमात नायक नेभळट आहे म्हटल्यावर सतरा माणसं आडवी आली असती. इथे आडवं यायला कुणाला वेळ होता?

हे सिनेमे काढणाऱ्या छोट्या कंपन्या हॉलिवूडच्या गॉवर स्ट्रीटच्या आसपास दाटीवाटीनं होत्या. त्या पट्ट्याला 'पॉव्हर्टी रो' म्हणत. आपण कंगाल गल्ली म्हणू. मोनोग्राम, पीआरसी ही तिथली नावं. पुढे बलाढ्य झालेली कोलंबियासुद्धा याच गल्लीतून वर आली. बड्या स्टुडिओंनीही आपापले 'बी' विभाग ठेवले होते, त्यामुळे सगळेच 'बी' सिनेमे कंगाल गल्लीतले नव्हेत. पण तासाभराची लांबी, पडेल नाहीतर नवखे नट आणि घड्याळाकडे लागलेले डोळे हे सगळीकडे सारखंच.

अंधाराला भाडं पडत नाही

मोठा दिवाणखाना दाखवायचा तर तो बांधावा लागतो, सजवावा लागतो, उजळावा लागतो. एका खुर्चीवर प्रकाशाचा एक झोत टाकला आणि बाकी काळोख ठेवला, तर दिवाणखाना प्रेक्षकच मनात बांधून घेतो. एकांकिका स्पर्धेत हे प्रत्येकाला ठाऊक असतं. मागे काळा पडदा, दोन लेव्हल, एक स्पॉट. आणि नटानं हात पुढे करून "हे बघ, कोर्ट" म्हटलं की कोर्ट होतं.

त्यात युद्ध आलं. १९४२ साली अमेरिकन सरकारनं लाकूड, खिळे, कापड वाचवायला फर्मान काढलं की एका सिनेमाच्या सेटवर नवं सामान ५,००० डॉलरपेक्षा जास्त लावायचं नाही. बड्या स्टुडिओंना घाम फुटला. कंगाल गल्लीला फारसं काही वाटलं नसणार. तिथे तेवढे पैसे लावतच कोण होतं!

या अंधाराचा उस्ताद म्हणजे हंगेरीत जन्मलेला छायालेखक जॉन ऑल्टन. इतर लोक खोलीभर दिवे लावत तिथे तो दोन-तीन दिव्यांत भागवायचा, त्यामुळे निर्माते खूश. पण त्याचं काम बघितलं की कळतं, हा दिवे वाचवत नव्हता, अंधार खर्च करत होता. 'टी-मेन' (१९४७) मध्ये एका माणसाला वाफेच्या स्नानगृहात कोंडून मारतात. दाराची काच, वाफ, काचेमागचा चेहरा. त्या खोलीत मुळात काही नाहीच, आणि अंगावर काटा येतो. याच ऑल्टनला पुढे झगमगीत रंगीत संगीतपटासाठी ऑस्कर मिळालं, हा नशिबाचा विनोद.

अशा काळोख्या गुन्हेपटांना 'न्वार' म्हणतात. फ्रेंचमध्ये न्वार म्हणजे काळा. युद्ध चालू असताना फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे येत नव्हते. संपल्यावर १९४६ मध्ये एकदम लाट आली आणि निनो फ्रँक या समीक्षकानं त्यातल्या काहींना हे नाव दिलं. बनवणाऱ्यांना आपण न्वार बनवतोय याचा पत्ताही नव्हता.

एक खुलासा करायला हवा, नाहीतर कोणीतरी मला धरेल. अंधार केवळ गरिबीतून आला असं नाही. पॅरामाउंटचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) दहा लाखांच्या आसपासचा सिनेमा आणि तोही तितकाच काळोखा. हिटलरमुळे युरोप सोडून आलेल्या जर्मनभाषक मंडळींनी तिकडच्या सावल्यांची रीत सोबत आणली होती. उल्मर त्यातलाच नाही. तो आधीच आला होता, पण शिकलेला तिकडेच. म्हणजे ही शैली दोन्ही घरांत होती. श्रीमंत घरात ती हौस होती, गरीब घरात गरज.

कॉफीचा कप

(इथून 'डीटूर'ची गोष्ट फुटणार आहे. बघायचा असेल तर आधी बघून या, ६८ मिनिटांचं काम आहे.)

अल रॉबर्ट्स हा पियानोवाला प्रेयसीला भेटायला न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला निघतो. खिशात पैसे नाहीत, म्हणून रस्त्यात अंगठा दाखवून गाड्या थांबवत जातो. एक माणूस त्याला गाडीत घेतो. वाटेत तो माणूस मरतो. अलनं मारलेलं नाही, पण पोलिसांना हे पटणार नाही अशी त्याची खात्री. म्हणून मेलेल्याचे कपडे, पाकीट आणि गाडी घेऊन तो पुढे जातो. मग तो व्हेरा नावाच्या मुलीला लिफ्ट देतो. ती थोडा वेळ डोळे मिटून पडते. अचानक ताठ बसते, वळते आणि विचारते, मुडदा कुठे टाकलास? ती आधी त्याच माणसाच्या गाडीत बसलेली असते.

सिनेमा सुरू होतो एका फाटक्या हॉटेलात. अल कॉफी घेऊन बसलाय. ज्यूकबॉक्सवर ओळखीचं गाणं लागतं. आजूबाजूचा उजेड मंदावत जातो आणि फक्त त्याच्या डोळ्यांवर उजेडाचा एक आडवा पट्टा उरतो. कॅमेरा कपावर येतो. तो कप नीट बघा. राक्षसी आकाराचा आहे! मुद्दाम बनवलेला मोठा कप; माणूस आठवणीत बुडाला की समोरची क्षुल्लक वस्तू जशी अंगावर येते, तसा. तिथून गोष्ट मागे जाते. महागडी यंत्रणा नाही, एक दिवा आणि एक भलामोठा कप.

व्हेराचं काम केलंय ॲन सॅव्हेजनं. न्वारमध्ये पुरुषाला नादी लावून बुडवणारी बाई हा ठरलेला नमुना असतो, आणि त्याबद्दल आजची वाचक नाक मुरडेल तर बरोबरच आहे. पण त्या बायका बहुधा रेशमी झग्यात, सिगारेटच्या धुरात येतात. व्हेरा येते ती मळकट केसांची, खोकणारी, चिडलेली. ती अलला भुरळ घालत नाही, सरळ दमदाटी करते. तिला क्षय झालाय, फार दिवस उरले नाहीत, आणि जगानं तिला जे दिलं नाही ते ती या एका नेभळटाकडून वसूल करणार आहे. मोठ्या स्टुडिओत तिला आंघोळ घालून, पावडर लावून उभं केलं असतं.

शेवटाकडे व्हेरा दारूच्या नशेत टेलिफोन घेऊन आतल्या खोलीत दार लावून घेते. पोलिसांना फोन करीन म्हणते. अल दाराबाहेरून टेलिफोनची वायर ओढत सुटतो. दार उघडतो तर वायर तिच्या गळ्याभोवती. यानंतर कॅमेरा खोलीतल्या वस्तूंवरून फिरतो, एक वस्तू स्पष्ट, मग धूसर, मग दुसरी स्पष्ट. अलची नजर कशावर ठरत नाहीये. एक खोली, एक शव, एक भिंग.

पण ही तर चुकांची भलावण झाली

हा आक्षेप मी स्वतः घेतला होता. आपल्या गल्लीतल्या मुलानं कॅमेरा हलवला की आपण "नीट धर" म्हणतो, आणि अमेरिकनानं हलवला की शैली?

'डीटूर'मध्ये खरोखरची चूकही आहे, म्हणून फरक सांगायला तो सोयीचा. अल पश्चिमेला चाललाय. नकाशावर पश्चिम डावीकडे, म्हणून प्रवासही पडद्यावर उजवीकडून डावीकडे दिसायला हवा. काही दृश्यं उलटी झाली होती. पुन्हा शूट करायला पैसे नव्हते, तेव्हा निगेटिव्हच पालथी घातली. दिशा जुळली, पण अमेरिकेत स्टिअरिंग उजवीकडे गेलं आणि गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं धावायला लागल्या. अमेरिकन प्रेक्षक यावर पोट धरून हसतात. आपल्याला मात्र काही खटकत नाही. स्टिअरिंग उजवीकडेच असतं ना!

तर हे ठिगळ आहे. ठिगळाला ठिगळच म्हणावं. धुकं आणि कप यांची जात वेगळी. धुक्यातल्या त्या दोघांचं पुढचं आयुष्य त्यांना दिसत नाहीये, आणि आपल्याला रस्ता दिसत नाहीये. खरा न्यूयॉर्क उभा केला असता तर हे हरवलं असतं. टंचाई लपवली की ठिगळ दिसतं. टंचाई गोष्टीच्या कामाला जुंपली की ते आपण विसरतो.

आणि हो, बहुतेक 'बी' सिनेमे टाकाऊच होते. आठवड्याला रतीब घालायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातली प्रत्येक उत्तम असं त्यांचा चाहताही म्हणणार नाही. मोनोग्रामनं 'डिलिंजर' (१९४५) काढला तेव्हा दरोड्याचं दृश्य चक्क फ्रिट्झ लँगच्या १९३७ च्या सिनेमातून उचलून जोडलं. तरी त्या सिनेमाला मूळ पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं! कंगाल गल्लीला हे असं अधूनमधून लागायचं, लॉटरीसारखं.

सहा दिवसांची दंतकथा

'डीटूर' सहा दिवसांत आणि २०,००० डॉलरमध्ये झाला असं तुम्ही कुठेही वाचाल. ही गोष्ट खुद्द उल्मरनं पसरवली. नंतर अभ्यासकांनी कागदपत्रं काढली तेव्हा खर्च लाखाच्या वर निघाला आणि चित्रीकरणही सहा दिवसांपेक्षा बरंच जास्त चाललं होतं. लाख डॉलर तेव्हाही 'ए' सिनेमाच्या पासंगाला पुरत नव्हते, म्हणजे सिनेमा स्वस्तच. पण गरिबी वाढवून सांगायची हौस कलावंतांना सगळीकडे असते. आमच्या काकांची प्रत्येक एकांकिका दोनशे रुपयांत झालेली आहे.

गाडीतून दरोडा, गटारातून पाठलाग

सेट परवडत नाही तर बाहेर पडा, हा दुसरा मार्ग. 'गन क्रेझी'त (१९५०) जोसेफ लुईसला बँक दरोडा दाखवायचा होता. बँक बांधली नाही. कॅमेरा गाडीच्या मागच्या भागात ठेवला. आपण मागे बसलोय, पुढे नायिका गाडी चालवतेय, शेजारी नायक. गावात शिरतात, जागा शोधतात, तो आत जातो. आपण गाडीतच. एक पोलीस येतो, ती उतरून त्याला बोलण्यात गुंतवते. तो धावत येतो, गाडी सुसाट. तीन मिनिटांवर चाललेला हा प्रकार मध्ये एकदाही कट न करता. दरोडा दिसतच नाही, आणि तरी असा दरोडा दुसरा बघितलेला नाही. लुईस सांगायचा, रस्त्यावरच्या काही लोकांना खरंच दरोडा पडला असं वाटलं.

'ही वॉक्ड बाय नाइट' (१९४८) हा पुन्हा ऑल्टनचा. यात खुनी लॉस एंजलिसच्या पावसाळी गटारांच्या बोगद्यांत शिरतो. उजेड कुठून? पोलिसांच्या हातातल्या बॅटऱ्यांचे झोत. म्हणजे प्रकाशयोजना पात्रांच्याच हातात. 'द थर्ड मॅन'मधला व्हिएन्नाच्या गटारातला तो सुप्रसिद्ध पाठलाग पडद्यावर यायला अजून एक वर्ष होतं.

'द नॅरो मार्जिन' (१९५२) जवळजवळ सगळा आगगाडीत घडतो. डबे गदागदा हलवायची यंत्रणा महाग, म्हणून डबे जमिनीला पक्के ठेवून कॅमेरा हलवला. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. चाकांची खडखड हेच संगीत. कथेचं श्रेय ज्या दोघांना आहे त्यातला एक मार्टिन गोल्डस्मिथ, 'डीटूर'ची कादंबरी आणि पटकथा लिहिणारा. चिंचोळ्या जागेत माणसं कोंडायची याची त्याला खोडच असावी.

आणि 'द हिच-हायकर' (१९५३). दिग्दर्शक आयडा लुपिनो. तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये बाई दिग्दर्शक हे दुर्मीळ, त्यात गुन्हेपट म्हणजे नवलच. मासेमारीला निघालेले दोन मित्र एका माणसाला लिफ्ट देतात, आणि तो पिस्तूल रोखतो. त्याचा एक डोळा मिटत नाही, झोपेतही. रात्री उघड्यावर शेकोटीपाशी तो आडवा होतो आणि डोळा उघडाच. झोपलाय की बघतोय? पळावं की थांबावं? भीतीसाठी लुपिनोला एक पापणी पुरली.

गुन्हेगार सुटत का नाही?

कारण नियमच तसा होता. १९३४ पासून हॉलिवूडनं स्वतःवरच एक आचारसंहिता काटेकोर लादून घेतली होती. गुन्हा करणारा पडद्यावर फायद्यात राहता कामा नये. अगदी न्वारच्या अंगवळणी पडलेला नियम. 'डीटूर'च्या शेवटी अल रात्रीच्या हमरस्त्यावरून चालतोय, पोलिसांची गाडी येऊन थांबते, तो मुकाट आत बसतो. संहितेचं समाधान झालं. पण तोवर तासभर आपण बघितलंय की या माणसाचा गुन्हा धड ठरवता येत नाही. आणि सगळी हकीकत त्यानंच सांगितलेली. त्यातलं खरं किती? मला दरवेळी तो थोडा जास्त खोटारडा वाटत जातो.

मग ही गल्ली बंद का पडली

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बड्या स्टुडिओंची मक्तेदारी मोडली. स्टुडिओंना थिएटरं विकावी लागणार होती आणि सिनेमे गठ्ठ्यानं गळ्यात मारणंही बंद झालं. 'बी'चं हमखास गिऱ्हाईक गेलं. पाठोपाठ घरोघरी टीव्ही आला आणि तासाभराच्या पोलीसकथा तिकडे गेल्या. संपलं. पॅरिसच्या पोरांनी मात्र ते सिनेमे डोक्यावर घेतले होते. त्यांच्यातल्याच गोदार या दिग्दर्शकानं आपला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा १९६० साली चक्क मोनोग्राम कंपनीला अर्पण केला. आणि आपल्या मुंबईतही पन्नाशीच्या दशकातल्या 'बाजी', 'सीआयडी' अशा हिंदी सिनेमांत त्या सावल्या, ते क्लब आणि त्या टोप्या येऊन पोचल्या होत्या, वर गाणी आपली.

फुकट कसे काय मिळतात?

तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट २८ वर्षांचा असे आणि नंतर अर्ज करून वाढवावा लागे. छोट्या कंपन्या तोवर बुडालेल्या, अर्ज करणार कोण? म्हणून 'डीटूर' काय, 'द हिच-हायकर' काय, किंवा ज्यात माणूस स्वतःच्याच खुनाची फिर्याद द्यायला पोलीस ठाण्यात येतो तो 'डी.ओ.ए.' काय, कुणीही कुठेही टाकावेत. त्यामुळेच प्रिंटा भिकार. 'डीटूर' २०१८ साली नव्यानं नीट करण्यात आला, शक्य असेल तर ती आवृत्ती शोधा. ओरखडे म्हणजे सिनेमाचा खडबडीतपणा नव्हे. ती निव्वळ आबाळ आहे.

काकांना मी नवी आवृत्तीच दाखवली होती. धुक्यावर हसले, व्हेरा आल्यावर गप्प झाले. संपल्यावर म्हणाले, "ते कपाचं परत लाव." लावलं. डोळ्यांवरचा पट्टा आला तिथे त्यांनी थांबवायला सांगितलं, स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. "हलला बघ. नट पुढे झुकला, पट्टा भुवईवर गेला. दिव्यावाल्यानं ओढून खाली आणला." पुन्हा लाव म्हणाले. तिसऱ्यांदा बघताना मलाही तो दिव्यावाला दिसायला लागला.